आजचा शब्द: चप्पल

आमच्या हायकूच्या ग्रुपवर गुड मॉर्निंग चालत नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा, देवाचे फोटो, निधनाच्या बातम्या, काहीच चालत नाही. सकाळी फिरून आल्यावर सर एक शब्द टाकतात. त्या शब्दावर दिवसभरात ज्याला सुचेल त्याने तीन ओळींचा हायकू टाकायचा, पाच, सात, पाच अक्षरांचा, आणि बाकीच्यांनी फक्त त्या हायकूविषयी बोलायचं. सर कोल्हापुरात कसबा बावड्याला राहतात, शाळेतून निवृत्त झालेत. त्यांचा शब्द पुस्तकी नसतो, समोर दिसेल तो असतो. गाळणं. टॉवेल. सांडशी. एकदा नुसताच 'बटण' असा शब्द आला, तर जिल्ह्यातली पन्नासएक शहाणीसुरती माणसं दिवसभर बटणाचा विचार करत बसली होती.

मी त्यात शिरले ती एका दुपारच्या कार्यशाळेमुळं. वाचनालयानं बायकांसाठी ठेवली होती आणि मला घराबाहेर पडायला कुठलंही कारण चालत होतं. सरांनी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. म्हणाले, जपानी माणूस एवढ्यात अख्खा प्रसंग बसवतो. उपमा नको, उपदेश नको, डोळ्यांना दिसलं ते लिहा आणि थांबा. हे 'थांबा' मला फार आवडलं. आमच्या घराण्यात थांबायचं कुणालाच माहीत नाही. लग्नातल्या भाषणात माईक हातातून काढून घ्यावा लागतो.

घरी आल्यावर ह्यांना दाखवलं. हे म्हणजे माझे यजमान. एसटीत कंडक्टर होते, नोकरीचा बराचसा काळ जिल्ह्याच्या पार टोकाला जाणाऱ्या चंदगड गाडीवर गेला. त्यांनी माझ्या तीन ओळी वाचल्या, कागद उलटा करून मागं काही आहे का बघितलं आणि म्हणाले, "संपलं? अगं, आमच्या तिकिटावर यापेक्षा जास्त छापल्यालं असतंय की."

पण मोजायचं काम त्यांनीच उचललं. मी ओळ म्हणायची आणि हे डाव्या हाताच्या बोटांवर अक्षरं टिपायचे. कंडक्टरचा डावा हात वेगळाच असतो. नोटा उभ्या दुमडून बोटांच्या फटीत धरायच्या, वर्षानुवर्षं, त्यामुळं रिटायर झाल्यावरही ह्यांची बोटं जराशी फाकलेलीच राहायची. जोडाक्षर एकच धरायचं हे एकदा सांगितलं, परत सांगावं लागलं नाही. "आठ झाली. एक पॅसेंजर उतरीव," म्हणायचे. मग चहा पीत आम्ही दोघं कुणाला उतरवायचं ते ठरवायचो. आम्हाला मूलबाळ नाही. संध्याकाळ घालवायला तेवढं पुरायचं.

पहिली खूण तिथंच दिसली. मधली सात अक्षरांची ओळ मी म्हटली आणि हे पाचावर अडकले. परत म्हटली, परत अडकले. "तू मधीच बदलतीयास," म्हणून माझ्यावरच चिडले. मी काहीही बदललं नव्हतं. गच्च भरलेल्या गाडीत दारातून मागच्या बाकापर्यंत एकदा नजर फिरवून किती तिकिटं राहिलीत ते सांगणारा माणूस सात मोजताना रडकुंडीला आला होता. मी हसण्यावारी नेलं. त्यांनी नाही नेलं. त्यानंतर माझी अक्षरं त्यांनी कधी मोजली नाहीत.

पुढचं भराभर होत गेलं. गॅस चालू ठेवून बाहेर बसणं, अंघोळ झाली की नाही यावरून भांडण, मग नातेवाइकांची नावं जाणं. सगळ्यात वाईट म्हणजे सकाळ. उजाडलं की हे पांढरा सदरा चढवायचे आणि दाराकडं निघायचे. "चंदगड गाडी हाय माझी. उशीर झाला तर मेमो मिळंल." मी किती सांगावं, अहो तुम्ही रिटायर झालात, तर माझ्याकडं अशा नजरेनं बघायचे की ही कोण बाई आपल्या पोटावर पाय द्यायला आली. खिशात पत्ता लिहिलेली चिठ्ठी ठेवली, तर ती टराटरा फाडून मला, पुतणीला, दारात आलेल्या मांजराला तिकीट म्हणून वाटली.

डॉक्टरनी स्पष्ट सांगितलं. हा आजार मागं फिरणारा नाही. औषध देतो, पण औषधापेक्षा महत्त्वाचं ऐका. सगळ्यांना सांगून ठेवा. गल्लीत, दुकानात, स्टँडवर. हा माणूस एकटा दिसला की थांबवा आणि मला फोन करा, असं जाऊन सांगा. लपवू नका, लपवलं तर एक दिवस हरवतील.

ते मी घरी येऊन थोरल्या दिरांना सांगितलं आणि सगळं तिथंच अडलं. शहराच्या कडेला कळंब्याला आमचं एकच घर, खाली आम्ही आणि वर दीर, जाऊबाई आणि त्यांची मुलगी. त्या मुलीला मी लहानाची मोठी होताना मांडीवर खेळवलंय. तिचं लग्न जमत होतं. आधीची एक सोयरीक मोडली होती आणि का मोडली ते आम्हाला बाहेरून कळलं होतं. मुलीचा काका फिरलाय, रक्तातच असणार, असं कुणीतरी त्या लोकांच्या कानात घातलं होतं.

"एक मोडली," दीर म्हणाले. "दुसरी मोडली तर पोरगी जल्मभर तुझ्या नावानं खडे फोडंल. लगीन हुईस्तोवर तोंड मिटून ऱ्हा. मी बघतो काय बघायचं ते."

आणि त्यांनी बघितलं ते असं. गल्लीत सांगून टाकलं की भाऊ ओळखीतल्या एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात बसायला जातो, घरात करमत नाही म्हणून. म्हणजे हे सकाळी पांढरा सदरा घालून निघाले, तर बघणाऱ्याला त्यात वावगं काहीच दिसू नये. डॉक्टर म्हणाले होते, सगळ्यांना सांगा म्हणजे कुणीतरी थांबवेल. दिरांनी सगळ्यांना असं काही सांगितलं की कुणी थांबवूच नये. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पोरीच्या तोंडाकडं बघितलं आणि गप्प बसले. कुलूप आणलं. दुकानात जायचं असलं, परसातल्या बाथरूममध्ये अंघोळीला जायचं असलं की बाहेरचं दार कुलपात. शिवाय ह्यांच्या चपला माळ्यावर टाकल्या. पायात काही असल्याशिवाय हा माणूस कधी उंबऱ्याबाहेर पडला नव्हता, कंडक्टर अनवाणी गाडीत चढत नाही असं स्वतःच म्हणायचे. मला वाटलं, चपलाच नाहीत म्हटल्यावर शोधत बसतील.

बोलायची बंदी होती, लिहायची नव्हती. मी हायकूत लिहायला लागले, आणि मुद्दाम लिहायला लागले. पन्नास माणसांतल्या एकानं तरी फोन करून विचारावं, ताई, घरी सगळं बरं आहे ना? मी आपण होऊन सांगितलं असं झालं नसतं आणि कुणालातरी कळलं असतं. एवढंच मला हवं होतं.

'कुलूप' शब्द आला तेव्हा मी लिहिलं:

दारी कुलूप
आत एक प्रवासी
उतरू पाहे

टाळ्यांच्या चित्रांची रांग लागली. एकानं लिहिलं, देहाच्या पिंजऱ्यातला आत्मा, काय उंची गाठलीत ताई. मी स्वयंपाकघरात उभी राहून ते वाचत होते आणि आत्मा बाहेरच्या खोलीत दाराची कडी खडखडवत होता.

मग 'आरसा' आला. त्या आठवड्यात ह्यांनी कपाटाच्या आरशातल्या माणसाशी ओळख करून घेतली होती. "पावणं, कुठलं गाव?" असं आदरानं विचारायचे. उत्तर येईना म्हणून मला हाक मारून सांगितलं, "पावण्यास्नी च्या टाक की, कवाचं हुबं हायत." मी खरंच दोन कप चहा केला. नंतर आरशावर चादर टाकली आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

आरशात हे
पुसती पावण्याला
कुठलं गाव

ग्रुप हसला. खुसखुशीत, मिश्कील, अस्सल कोल्हापुरी. सरांनी लिहिलं की हायकूत 'हे' टाळता आलं तर बघा, त्याने कविता खासगी होते. कविता खासगी होते! मला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. नाही आपटला, कारण तेवढंच एक दार मला उघडं होतं.

तो दिवस उगवला तेव्हा पाऊस रिपरिपत होता. मुलाकडची माणसं दुपारी सुपारी फोडायला येणार होती. वर सकाळपासून भांड्यांचा आवाज, जाऊबाईंची पळापळ. फोनवर शब्द आला होता, चप्पल. मी तो वाचला, मनात म्हटलं सरांना आज दारातलंच काहीतरी दिसलं, आणि अंघोळीला गेले. जाताना दाराला कुलूप घातलं होतं. बाहेर आले तर दार सताड उघडं. टीव्ही चालू, खुर्ची रिकामी.

कुलूप दिरांनी काढलं होतं. "पावणं यायचं हायत, दाराला भायेरनं कुलूप बघून काय म्हंतील?" म्हणून आपल्याकडच्या किल्लीनं उघडून काढून घेतलं आणि मला हाक मारून सांगायचं राहून गेलं.

मी ओल्या केसांनी गल्लीत धावले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं ह्यांना बघितलं होतं. बघितलं होतं म्हणजे काय, थांबवून बोलला होता. "म्हटलं काय कंडक्टर, आज अनवाणी? तर म्हणालं ड्युटी हाय. मला वाटलं नवस बोललं असतील पोरीच्या लग्नाचा, म्हणून पायात घातलं न्हाय. मी पाया पडलो की त्यांच्या."

आमच्याकडं अनवाणी माणूस दिसला की कुणाला पहिल्यांदा तेच सुचतं. जोतिबाला नाहीतर अंबाबाईला काहीतरी बोललेला असेल. मी लपवलेल्या चपलांनी ह्यांना थांबवलं तर नाहीच, उलट लोक वाट सोडून बाजूला झाले.

वर जाऊन दिरांना सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, खोटं कशाला बोलू. पण पहिलं वाक्य हेच निघालं, "बोंबलू नगंस. पावणं वाटंवर हायत. मी तळ्याकडं बघून येतो." मोटारसायकल काढून ते कळंब्याच्या तळ्यावर गेले. सगळ्यांना पहिली भीती पाण्याचीच वाटते. मला मात्र खात्री होती की हे पाण्याकडं जायचे नाहीत. त्यांची गाडी सुटायची वेळ झाली होती.

रिक्षा धरून मी स्टँडकडं निघाले. कुणाला फोन करू? माहेरचं कुणी उरलेलं नाही, सासरच्यांना सांगायची बंदी, एसटीतले जुने सोबती कोण कुठं ते ह्यांच्या डोक्यात होतं आणि ते डोकंच गेलेलं. फोनवर सगळ्यात वर ग्रुप उघडा होता. पन्नास माणसं, कागलपासून चंदगडपर्यंत. म्हटलं, गेली बंदी खड्ड्यात. रोजची सवय म्हणून वाक्य संपलं की खाली उतरून नवी ओळ सुरू होत गेली. मी लिहिलं:

हे घरी नाहीत
पायात चप्पल नाही
कुणी पाहिलं?

पाठवलं. रिक्षा सिग्नलला थांबली तेवढ्यात फोन वाजला आणि माझा जीव भांड्यात पडला. कुणीतरी विचारलं, अखेर कुणीतरी विचारलं. उघडून बघितलं तर सरांचा निरोप होता. "चांगला प्रयत्न, ताई. पण पहिल्या ओळीत सहा, दुसऱ्या ओळीत आठ अक्षरं झाली आहेत. असं करून पाहा." आणि खाली त्यांनी दुरुस्त करून दिलं होतं:

घरी नाही ते
चप्पलही दाराशी
कुणी पाहिले?

पाठोपाठ टाळ्या आल्या. "आता बसलं, सर." कुणी लिहिलं की शेवटचा प्रश्न काळजाला भिडतो. कुणी लिहिलं, चप्पल आहे आणि माणूस नाही, कल्पना भन्नाट आहे.

अक्षरं बरोबर होती. पाच, सात, पाच. चप्पल मात्र दाराशी नव्हती, ती माळ्यावर होती. मी रिक्षात मोठ्यानं शिवी दिली, अशी की रिक्षावाल्यानं वळून बघितलं. सरांना फोन लावला, ते उचलेनात. दुसऱ्यांदा लावतेय तोवर स्टँड आला आणि मी फोन पिशवीत टाकून पळत सुटले.

चंदगड गाडी कधीच गेली होती. चौकशीच्या खिडकीशी, फलाटावर, चहाच्या टपरीवर, जो भेटेल त्याला विचारत फिरले. पांढरा सदरा, अनवाणी, उंचेला. एक फुलवाली म्हणाली, असं एक जण चढलं बघा, "स्टाफ" म्हणालं आणि थेट पुढं जाऊन बसलं. कंडक्टरनं तिकीट विचारलं नसणार. आपल्यातला जुना माणूस आहे हे त्याला एका शब्दात कळलं असणार आणि त्यानं मान दिला असणार. त्या गाडीच्या कंडक्टरचा नंबर मिळवला, पण फोन लागत नव्हता. पोलीस चौकीत जाऊन तक्रार लिहून दिली. वर्णन सांगताना माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा तुटक तुटक तीनच वाक्यं बोलले.

मग फलाटावरच्या बाकावर बसले, पुढची चंदगड गाडी लागायची होती. फोन वाजला. दिरांचा असेल म्हणून बघितलं. ग्रुपवर नवा हायकू आला होता, आमच्या चंदगडच्या सभासदाचा. चंदगडला आपल्या ओळखीचं कुणी आहे हे मला तोवर सुचलंच नव्हतं. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, फार सुंदर लिहितात, सर त्यांची उदाहरणं देतात.

अनवाणी तो
मोडक्या गाडीपाशी
तिकीट मागे

मी तो एकदा वाचला आणि उठून उभी राहिले. हे तेच होते. जगात दुसरं कुणी असूच शकत नव्हतं.

नंबर लावला. त्यांनी लगेच उचलला आणि प्रसन्न आवाजात म्हणाले, "आवडला का, ताई?"

"तो माणूस कुठाय?"

"कोण माणूस?"

"तुमच्या हायकूतला! अनवाणी माणूस! कुठाय तो?"

त्यांना कळेना. मला सांगावं लागलं की तो माझा नवरा आहे, त्याला काही आठवत नाही, सकाळी मी लिहिलं ती कविता नव्हती. मग ते तुटक बोलायला लागले. पार्सल घ्यायला स्टँडवर गेले होते. सकाळपासून चप्पल हा शब्द डोक्यात घोळत होता, काही सुचत नव्हतं. तेवढ्यात हे दिसले. दुरुस्तीला लावलेल्या एका रिकाम्या गाडीच्या दारात उभे राहून आत बघून तिकीट, तिकीट म्हणत होते. "मी छत्री घेऊन तिथंच थांबलो होतो, ताई. दहा पावलांवर. ओळी जुळवत होतो. जुळल्या, मग घरी आलो."

ते तसेच परत स्टँडवर पळाले, हे मला माहीत आहे, म्हाताऱ्या माणसानं पळावं तसे. तिथं कुणी नव्हतं.

दीर पाहुण्यांना तसंच सोडून आले. ओळखीची जीप घेतली आणि आम्ही चंदगडला पोचलो. सर आणि ग्रुपमधले आणखी चारपाच जण आमच्या मागोमाग आले. त्या संध्याकाळी चंदगडच्या पावसात अक्षरं मोजणारी माणसं गल्लीगल्लीतून हाका मारत फिरत होती. पण हे चंदगडात नव्हतेच. पूर्वी त्यांची एक मुक्कामी गाडी असायची, पलीकडच्या डोंगरातल्या एका वाडीत. रात्री तिथं गाडी लावायची, देवळाशेजारच्या खोलीत झोपायचं आणि सकाळी वाडीच्या माणसांना घेऊन निघायचं. ती फेरी कधीच बंद झालीय. हे त्या वाडीकडं चालत निघाले होते.

सकाळी डेअरीला दूध घालायला निघालेल्या एका माणसाला ते दिसले. वाडीच्या अलीकडं रस्त्याला जुनी शेड आहे, जिथं पूर्वी एसटीची वाट बघत लोक बसायचे. तिच्यात भिंतीला टेकून बसले होते. सदरा भिजून अंगाला चिकटला होता, तळपाय फुटले होते. गार पडून बराच वेळ झाला होता. डावा हात मांडीवर होता आणि बोटं फाकलेली होती. मी ती मिटवायचा प्रयत्न केला. मिटली नाहीत.

दिवस घातले त्या दिवशी मुलाकडची माणसं भेटायला आली. दीर खाली मान घालून बसले होते. सोयरीक गेली हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. मुलाच्या वडिलांनी मला विचारलं की नक्की काय झालं होतं, आणि मी पहिल्यांदा सगळं सांगितलं, दिरांच्या समोर, आवाज न चोरता. त्या माणसानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एवढंच व्हय? मग सांगायचं न्हाय का, ताई! आमची आई बी तसलीच हाय की. परड्यात जाऊन मेलेल्या म्हशीला हाका मारती. गल्लीतलं कोन बी हाताला धरून घरात आणून सोडतंय."

दीर उठून मागच्या दारी गेले. रडण्याचा आवाज इथपर्यंत आला. मी उठले नाही. लग्न ठरल्याप्रमाणे होणार आहे, पोरगी सुखात राहो. पण दिरांशी मी अजून बोलत नाही आणि बोलेन असं वाटत नाही.

सर घरी येऊन गेले. म्हणाले, "मी मोजलं, ताई. मी फक्त मोजलं." मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. चंदगडच्या सभासदानं आपला हायकू ग्रुपवरून पुसून टाकला. पुसल्याचा मात्र मला राग आला. ह्यांना शेवटचं नीट निरखून बघणारं माणूस तेच होतं. कसे उभे होते, काय म्हणत होते, हे मला त्या तीन ओळींतूनच कळलं. मला तो हायकू पाठ आहे. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी तो म्हणते, आणि अक्षरंही मोजते.

ग्रुप काही दिवस बंद होता, मग सुरू झाला. मला वाटलं होतं मी परत लिहिणार नाही. पण घर फार मोठं झालंय, आणि सकाळी शब्द आला नाही तर दिवस कुठून सुरू करायचा तेच कळत नाही. आताही रोज शब्द येतो. आता नियम तेवढा बदललाय. कुणी लिहून ठेवलेला नाही, पण सगळे पाळतात.

परवा 'डबा' हा शब्द होता. भाजी आणायला गेले होते, तर रिक्षावाल्याच्या सीटखाली त्याचा जेवणाचा डबा खड्ड्याखड्ड्याला वाजत होता. मला गंमत वाटली. घरी येऊन लिहिलं:

एकच डबा
दोन चमचे त्यात
वाजत राही

पाठवलं आणि चहा ठेवला. आधण यायच्या आत चंदगडहून फोन आला. तो ठेवते तोवर बावड्याहून सरांचा. मग गडहिंग्लजच्या एका बाईंचा, ज्यांना मी कधी भेटलेलीही नाही. तिघांनीही तेच विचारलं, जपून, दबक्या आवाजात.

"ताई, घरी सगळं बरं आहे ना?"

"काही नाही हो," मी म्हटलं. "नुसती कविता आहे."